अर्धा तास

“कधी चावला?” डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हणाले, “अर्धा तास झाला असेल.”

खोटं होतं ते. ठरवून बोललेलं नव्हतं, जिभेवर आलं आणि निघून गेलं, पण खोटंच. दीड तास होऊन गेला होता. शेजारी आई उभी होती. तिच्या हातात आमच्या कुत्र्याच्या, ढापण्याच्या गळ्यातून काढलेला ओला पट्टा होता. तिने तो या हातातून त्या हातात घेतला, बक्कल एकदा लावलं, पुन्हा काढलं, आणि काही बोलली नाही. डॉक्टरांनी नुसतं “हं” केलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. ढापण्या बरा आहे, आत्ता हे लिहिताना माझ्या पायावर हनुवटी टेकून घोरतोय. सापाची भीती केव्हाच ओसरली. तो अर्धा तास मात्र अजून माझ्याकडेच आहे.

त्या संध्याकाळी पाऊस नुकता उघडला होता. मी कामाच्या फोनवर होते आणि पलीकडचा माणूस एकच मुद्दा तिसऱ्यांदा समजावून सांगत होता. ढापण्या मागच्या दाराने आत आला. एरवी भिजून आला की तो घराच्या बरोबर मधोमध उभा राहून अंग झाडतो, भिंतीवर शिंतोडे उडतात, आई ओरडते, असा ठरलेला कार्यक्रम. त्या दिवशी त्याने अंग झाडलं नाही. गुपचूप टेबलाखाली जाऊन बसला आणि उजव्या पंजाने नाक पुसायला लागला. मी ते पाहिलं. भिंतीवर पावणेसात वाजले होते तेही पाहिलं, कारण फोन कधी संपतोय याकडेच माझं लक्ष होतं. आई म्हणाली, “याला काहीतरी झालंय गं.” मी फोनवर हात ठेवून म्हणाले, “गांधीलमाशी चावली असेल. मागच्या वर्षी नाही का?” मागच्या वर्षी खरंच चावली होती; तेव्हाही तोंड एका बाजूने सुजलं होतं आणि सकाळपर्यंत उतरलं होतं. आई दोनदा वाकून टेबलाखाली बघून आली. मी बोलत राहिले.

फोन संपला तेव्हा साडेसात होऊन गेले होते. टेबलाखालून त्याला ओढलं तर हाताला चिकट लागलं. दिव्याखाली आणून पाहिलं. नाकाच्या उजव्या अंगाला, मिशांच्या मुळाशी दोन टिंबं, एकमेकांपासून बोटाच्या पेराएवढी लांब. त्यांतून रक्त येत होतं, पण भाजी चिरताना बोट कापल्यावर येतं तसं नव्हे. पातळ, पाणी घातल्यासारखं, आणि न थांबणारं. रुमालाने टिपलं की लगेच पुन्हा तेवढंच. ओठ सुजून वर उचलला गेला होता, त्यामुळे एका बाजूचे दात दिसत होते, हसल्यासारखे. सूज जबड्यावरून गळ्याकडे उतरत होती. पांढऱ्या तोंडावर दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं म्हणून त्याचं नाव ढापण्या. त्यातला उजवा चष्मा मिटून नुसती रेघ उरली होती.

पुढच्या पाच मिनिटांत जे जे करू नये ते सगळं कुणी ना कुणी सुचवलं. कुणी म्हणालं ब्लेडने चीर द्या, कुणी म्हणालं वरून घट्ट बांधा. बांधणार कुठे? नाकाच्या वर गळाच. पायाला चावलं असतं तर कुणीतरी बांधलंही असतं, आणि मांस सडवणारं विष एका जागी कोंडून तो पायच विषाला देऊन टाकला असता. आणि चीर? ज्याचं रक्त गोठायचं थांबलंय त्याच्या अंगावर आणखी एक जखम. हे शहाणपण मला नंतर आलं. त्या क्षणी मी त्याच्या पट्ट्याला साखळी अडकवून गाडीपर्यंत चालवत न्यायला निघाले होते. आई म्हणाली, “चालवू नकोस. उचल.” १८ किलोचं कुत्रं ओल्या अंगाने उचललं. स्नायू हलले की विष पुढे ढकललं जातं, म्हणून चालवायचं नसतं. गाडीत बसल्याबसल्या तिने त्याचा गळपट्टा सोडवला. “गळा भरत चाललाय त्याचा,” म्हणाली. हिला हे कुठून माहीत, असं मनात आलं. विचारायला वेळ नव्हता.

साप आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी पुढच्या पायात सुई बसवली, थोडं रक्त एका काचेच्या नळीत घेतलं, नळी स्टँडमध्ये उभी केली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “वीस मिनिटं. हिला कुणी हात लावायचा नाही.” मग सलाइन सुरू केलं. एवढ्या घाईत आणलेल्या जनावरासमोर माणूस नळी मांडून घड्याळ काय बघतो, मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, अगदी शांतपणे, जणू शिकाऊ मुलीला सांगावं. रक्ताला काच लागली की ते गोठायला घेतं. प्लास्टिकला ते तशी दाद देत नाही, म्हणून नळी काचेचीच हवी, तीही कोरी आणि कोरडी. साबणाने धुतलेली चालत नाही. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि आपण फसतो. वीस मिनिटांनी नळी एकदाच कलती करायची. रक्ताची गाठ झाली असेल तर ठीक. ओघळलं, तर विषाने रक्तातला गोठण्याचा सगळा माल वापरून संपवलाय. यंत्र नाही, वीज नाही, एक नळी आणि एक घड्याळ.

ती वीस मिनिटं मी नळीकडे बघत काढली. दोन पेरं उंचीचं गडद लाल, वरच्या कडेला फेसाचे तीन बुडबुडे. त्यातला एक फुटला. ट्यूबलाइटची पांढरी रेघ काचेवर उभी होती आणि खाली ढापण्याच्या श्वासाचा आवाज, सुजलेल्या नाकातून येणारा, शिट्टी अडकल्यासारखा. मी वीस मिनिटं मोजत होते आणि मनातल्या मनात दुसरा हिशेब चालू होता. पावणेसात ते साडेसात. अशा किती नळ्या बसल्या असत्या त्यात?

चावलं नाकावर, यात आश्चर्य काहीच नव्हतं. कुत्र्यांना साप चावतात ते बहुतेक तोंडावर नाहीतर पुढच्या पायांवर. आपल्याला काही कळून घ्यायचं असलं की आपण बघतो, हात लावतो. कुत्रा नाक घालतो. नाक हाच त्याचा डोळा, तोच हात, आणि बऱ्याच वेळा तोच आगाऊपणा. मागच्या अंगणात लाकडांचा ढीग होता. मीच दोन दिवसांपूर्वी वरची लाकडं हलवली होती, खाली उंदरांनी केलेली भोकं दिसली होती आणि मी ती तशीच ठेवून आत आले होते. उंदीर असले की त्यांच्या मागावर साप येतो. ढापण्याही त्यांच्याच मागावर गेला असणार. गंमत अशी की दोघांच्याही टाळूत वासाचं एक जास्तीचं इंद्रिय असतं, जेकबसनचं इंद्रिय. साप दुभंगलेल्या जिभेने हवेतले, जमिनीवरचे कण उचलतो आणि तिथे नेऊन पोचवतो. कुत्र्यालाही ते आहे. म्हणजे त्या लाकडांखाली, अंधारात, दोघांनी एकमेकांना आधी चाखलं असणार. मग एकाने नाक आणखी एक इंच पुढे नेलं.

वीस मिनिटं झाली. डॉक्टरांनी नळी उचलली, उजेडात धरली आणि कलती केली. रक्त पाण्यासारखं काचेवरून ओघळलं.

“घोणस असावी,” ते म्हणाले. फुरशानेही रक्ताची हीच गत होते, पण दातांमधलं अंतर आणि सुजेचा वेग पाहून त्यांनी घोणस म्हटलं. न दिसलेल्या सापाला आम्ही असं नाव दिलं, त्याच्या मागे राहिलेल्या खुणांवरून. नंतर कधीतरी वाचताना कळलं की इंग्रजीत घोणशीला ज्याचं नाव आहे तो पॅट्रिक रसेल हा डॉक्टर होता. भारतातल्या सापांवरचा त्याचा ग्रंथ १७९६ साली निघाला. कुठला साप विषारी आणि कुठला नाही हे ठरवायला तो कोंबड्यांना आणि कुत्र्यांना साप चाववून बघायचा आणि काय काय होतं ते टिपून ठेवायचा. ते वाचलं आणि पुस्तक मिटून टाकलं. मग वाटलं, डॉक्टरांनी ज्या खुणा ओळखल्या त्यांतल्या काही पहिल्यांदा अशाच एखाद्या टेबलावरच्या कुत्र्यावरून कुणी लिहून घेतल्या असतील. त्या कुत्र्यांना नाव नव्हतं. सापाला मात्र रसेलचं नाव मिळालं.

औषधाची कुपी मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. तळाशी पांढरट भुकटी, गोठवून सुकवलेली. तीत डॉक्टरांनी पाणी सोडलं आणि कुपी दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायला लागले, थंडीत कुणी हात चोळावेत तसं. मला वाटलं, अहो, हलवा ना जोरात! हलवायचं नसतं. जोरात हलवलं की फेस होतो आणि आतली प्रथिनं बिघडतात. म्हणून एकेक कुपी अशी फिरवत बसायची, भुकटी पूर्ण विरून पाणी स्वच्छ होईपर्यंत. शेजारच्या ट्रेमध्ये अॅड्रिनॅलिन भरलेली सिरिंज टोपण लावून तयार होती, कारण हे औषध घोड्याच्या रक्तातून येतं आणि परकं रक्त सगळ्यांना सोसतं असं नाही. घोड्याला थोडं थोडं वाढवत विष टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो वेगळा काढायचा. १८९०च्या दशकात फ्रान्सचा आल्बेर काल्मेत ही वाट चालला, नागाच्या विषाने. हाच उतारा बाकीच्या सापांनाही चालेल असं त्याला वाटत होतं. ब्राझीलच्या व्हितल ब्राझीलने दाखवून दिलं की नाही चालत. ज्या सापाचं विष, त्याच सापाचा उतारा. म्हणून तर एका कुपीत अनेक सापांचे उतारे एकत्र करतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. साप न बघितलेल्या माझ्यासारख्यांची सोय. कुठल्यातरी घोड्याने, ज्याने ढापण्याला कधी पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी हे सोसून ठेवलं होतं.

मी विचारलं, “त्याच्या वजनाला किती लागेल?” लहान मुलांना औषध वजनावर देतात ते डोक्यात होतं. डॉक्टर कुपीवरची नजर न काढता म्हणाले, “सापाने वजन बघून विष सोडलेलं नसतं.” खरंच की. उतारा विषाच्या मापाने द्यायचा, कुत्र्याच्या नव्हे. म्हणजे कुत्रं जितकं लहान तितका दंश भारी, आणि उतारा मात्र मोठ्याइतकाच.

रात्री आम्ही तिथेच थांबलो. दर सहा तासांनी नळी पुन्हा मांडायची होती, कारण उतारा विषाला धरून ठेवतो, पण संपलेला माल यकृताला नव्याने बनवावा लागतो आणि त्याला त्याचा वेळ लागतो. बाकावर आई आणि मी, मध्ये तो पट्टा. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, मी तुला सांगत होते. ती म्हणाली ते वेगळंच.

“आमच्याकडे काळी होती,” ती म्हणाली. मी काळीचं नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आई तेव्हा नऊ वर्षांची. काळी तिच्या खोलीबाहेर झोपायची. सकाळी उठून बघतात तर झोपल्यासारखीच पडलेली, अंगावर ओरखडा नाही, सूज नाही. मोठी माणसं आपसात ‘पान लागलं’ म्हणाली. आईला वाटलं, कसलं पान? तिने काळीच्या अंगावर पान शोधलं. पान लागलं म्हणजे साप चावला, हे तिला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. मण्यार असणार ती. मण्यारीचे दात इतके बारीक की खूण राहत नाही, चावल्याचं दुखतही नाही फारसं. ती नसांची टोकं निकामी करते, जिथून स्नायूला हुकूम पोचतो ती जागाच. जनावर जागं असतं, कळत असतं, फक्त हलता येत नाही, आणि मग छातीही हलेनाशी होते. एकदा ती टोकं गेली की उताऱ्यालाही ती परत आणता येत नाहीत. नवी फुटेपर्यंत कुणीतरी श्वास देत राहावं लागतं. आईने हे सगळं सांगितलं नाही, हे मी आता घालतेय. ती एवढंच म्हणाली, “रात्री तिने दाराला पंजा लावला होता. दोनदा. मी जागी होते. पांघरूण वर ओढून घेतलं.”

हे तिने मला धीर द्यायला सांगितलं की टोचायला, मला आजही सांगता येणार नाही. तिच्या आवाजात दोन्हीपैकी काही नव्हतं. पाऊस किती पडला ते सांगावं तसं सांगितलं आणि उठून ढापण्याच्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली.

पहाटेच्या नळीत रक्त अर्धवट धरलं होतं, थरथरणाऱ्या जेलीसारखं. दुपारच्या नळीत गाठ झाली. डॉक्टरांनी नळी पूर्ण उलटी केली आणि लाल गाठ तळाला घट्ट चिकटून राहिली. इतकी सुंदर वस्तू मी क्वचित पाहिली असेल. पण घोणशीचं खरं देणं मूत्रपिंडाशी असतं, ते पुढच्या दिवसांत वसूल होतं. त्यामुळे चार दिवस मी एका कुत्र्याच्या मागे पांढरा ट्रे घेऊन फिरत होते, त्याने पाय वर केला की खाली सरकवायला. पहिल्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी. दुसऱ्या दिवशी अगदी थोडी. तिसऱ्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन वर गेलेलं, म्हणजे मूत्रपिंडं नीट गाळत नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी त्याने दवाखान्याच्या फाटकाच्या खांबावर तंगडी वर केली आणि लांबलचक, फिकट पिवळी, संपता संपेना अशी धार सोडली. मी ट्रे बाजूला टाकून नुसती बघत राहिले.

त्याच दिवशी केसपेपर माझ्या हातात पडला, तपासणीचे आकडे बघायला म्हणून. पहिल्याच पानावर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘दंश : ३० मि.’ आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह.

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. गळ्यापर्यंत उतरलेली सूज अर्ध्या तासाची नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. त्यांनी विचारलं, ऐकलं, लिहून घेतलं, शंका कंसात ठेवली आणि उपचार नळीने सांगितला तसा केला. माझ्या उत्तरावर त्यांनी काहीच उभं केलं नव्हतं. याने हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण एका बाजूने फार अपमानही झाल्यासारखा वाटला. रोज किती जण त्यांना अर्धा तास म्हणत असतील!

घरी आल्यावर लोक भेटायला यायचे. बहुतेकांचं म्हणणं एकच : तुमच्यावर येणारं त्याने स्वतःवर घेतलं. काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला या गोष्टी पटत नाहीत. ढापण्याने कुणाला वाचवलं नाही, तो उंदरामागे गेला आणि त्याने नको तिथे नाक खुपसलं. इमानाच्या या गोष्टींमधून कुत्रा मोठा होतो खरा, पण उंदरांची भोकं न बुजवणारी मालकीणही अलगद सुटते, म्हणून त्या मला जास्तच खुपतात. मांजरं पाळणारी माझी एक मैत्रीण म्हणाली, मांजर असतं तर वाचलं असतं. मला राग आला, पण तिचं अगदीच चूक नव्हतं. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं आहे. तिथल्या तपकिरी सापाच्या दंशात उताऱ्याशिवाय मांजरं ६६ टक्के वाचतात, कुत्री ३१ टक्के. सापाचं विष कुत्र्याच्या रक्तावर जास्त झपाट्याने काम करतं हे एक. शिवाय मांजर पंजा मारून बघतं, कुत्रा तोंड घालतो. चावल्यावर मांजर एका जागी पडून राहतं, कुत्रा धावाधाव करतो. स्वभावच आडवा येतो म्हणायचा. ढापण्या मात्र त्या दिवशी पळाला नव्हता. आत येऊन माझ्या पायाशी बसला होता.

त्याच्या नाकाच्या उजव्या बाजूची कातडी पुढे काळी पडून गळाली. आता तिथे केस नाहीत, गुलाबी, गुळगुळीत चट्टा आहे आणि नाकपुडीच्या कडेला एक खाच. बोट फिरवलं तर तो डोळे मिटतो. लाकडांचा ढीग मी हलवला, भोकं बुजवली. ती जागा अजून त्याची आवडती आहे. रोज सकाळी जाऊन तो मोकळी जमीन अशी काही मनापासून हुंगतो की बघवत नाही.

यंदा पहिल्या पावसाच्या संध्याकाळी तो मागच्या दाराने आत आला. भिजलेला. अंग झाडलं नाही. टेबलाखाली जाऊन पंजाने नाक पुसायला लागला. मी आधी घड्याळ पाहिलं, सात वाजून दहा मिनिटं, आणि मग त्याच्याकडे पाहिलं. आईनेही आतून विचारलं, “किती वाजले गं?” मी त्याला ओढून दिव्याखाली घेतलं, ओठ उचलून बघितला, मिशांची मुळं एकेक करून चाचपली. त्याच्या खाचेत पावसाने भिजलेलं एक बारीक पीस अडकलं होतं. मी ते काढलं. त्याने मधोमध जाऊन अंग झाडलं, आणि आई ओरडली.